तीन कुलुपांची पेटी



मागच्या लेखात दशलक्षणाच्या स्वयंपाकाबद्दल लिहिलं होतं. या वेळी विषय थोडा रुक्ष आहे, हिशेबाचा. पण शेवटपर्यंत वाचा, कारण तुमच्यापैकी पुष्कळजणींच्या गावात अशी एखादी वही कुणाच्या तरी कपाटात पडलेली असणार.

आमच्या महिला मंडळाचा एक साधर्मी साहाय्य फंड आहे. १९९३ साली सुरू झाला तेव्हा महिन्याला पाच रुपये वर्गणी होती, आता पन्नास आहे. घरात कुणी दवाखान्यात भरती झालं तर तीन हजार आणि घरात कुणी गेलं तर दहा हजार, तेही तिसऱ्या दिवसाच्या आत, हातात, न मागता. ज्या घरी कमावता माणूस गेलाय त्या घरी त्या वेळी दहा हजारांची नव्हे, कुणीतरी पाकीट घेऊन आलं याची किंमत असते. हे मी सांगायला नको.

गेल्या चैत्रात खजिनदारबाई मुलाकडे पुण्याला गेल्या आणि वही माझ्याकडे आली. "तू बी.कॉम. आहेस" एवढ्या एकाच कारणावरून. माझं बी.कॉम. १९८१ चं. त्यानंतर मी ताळेबंद मांडला तो फक्त किराण्याचा. तरी बसले. ३८ सभासद, वर्षाची वर्गणी २२,८०० रुपये. मुदत ठेव एक लाख नव्वद हजार, तिचं व्याज धरा तेरा हजार तीनशे. म्हणजे जमा छत्तीस हजार शंभर. आणि गेल्या वर्षी चार घरी मयत झाली, पाचजण दवाखान्यात होते. खर्च पंचावन्न हजार. एकोणीस हजारांची तूट ठेवीतून भरली. ठेव कमी झाली की व्याज कमी, व्याज कमी झालं की तूट जास्त. मी मागच्या पानावर वर्षं मांडत गेले तर आठव्या वर्षी फंड शून्यावर. तेही आम्ही कुणी आहोत त्याहून म्हाताऱ्या झालो नाही, असं धरून! ३८ पैकी २९ जणी साठीच्या पुढे आहेत. सगळ्यात धाकटी सभासद ४७ वर्षांची.

कुणी एक रुपया खाल्लेला नाही. तीस वर्षांच्या पावत्या दोऱ्यात ओवून ठेवलेल्या आहेत. मग चुकलं कुठे? हे शोधता शोधता मी जाऊन पोचले दोन-अडीचशे वर्षांपूर्वीच्या इंग्लंडात, कारण तिथल्या गिरणी कामगारांच्या, मोच्यांच्या, विणकरांच्या फंडांना नेमकं हेच दुखणं झालं होतं.

त्यांना म्हणत 'फ्रेंडली सोसायटी'. मित्रांची संस्था म्हणा. त्यातल्याच ज्या मोठ्या झाल्या, गावोगाव शाखा काढल्या, त्यांच्या शाखेला 'लॉज' म्हणत. आपल्याकडे लॉज म्हटलं की बसस्टँडजवळची पाटी आठवते, तसं नव्हे. ऑड फेलोज, फॉरेस्टर्स अशी नावं होती. खांद्यावर रंगीत पट्टा, आत शिरताना परवलीचा शब्द, नव्या सभासदाला शपथ. फ्रीमेसन लोकांकडून उचललेला हा सगळा थाट. पण थाटाच्या आत गोष्ट आपल्या फंडाचीच. आठवड्याला साधारण चार ते सहा पेन्स भरायचे, आजारी पडलं तर आठवड्याला दहाएक शिलिंग मिळायचे आणि मेल्यावर घरच्यांना दहाएक पौंड. गरिबाला तिथे मरणाची भीती नव्हती इतकी सरकारी खर्चाने, बेवारशासारखं पुरलं जाण्याची होती. त्या भीतीपोटी लोक पोटाला चिमटा घेऊन वर्गणी भरत.

कारभार बघा कसा असायचा. पैसे एका लाकडी पेटीत. पेटीला तीन कुलुपं, तीन किल्ल्या तीन वेगवेगळ्या माणसांकडे. तिघं एकत्र आल्याशिवाय पेटी उघडायची नाही आणि उघडायची ती भरल्या बैठकीत, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. आपल्या मंदिरातल्या दानपेटीची आठवण झाली की नाही? माझे सासरे पंचांपैकी होते. मंदिराच्या तिजोरीची एक किल्ली आमच्या देवघरात दिव्यामागे असायची. सासूबाई ती पुसायच्या, पण कधी हाताळायच्या नाहीत. मला तेव्हा वाटे, किती हा अविश्वास एकमेकांवर. आता वाटतं, ज्याच्याकडे एकच किल्ली आहे त्याच्यावर कुणी आळही घेऊ शकत नाही. ती सोय त्याच्याचसाठी आहे.

आजाऱ्याला पैसे द्यायला लॉजचा कारभारी घरी जाई, आठवड्याला एकदा. आस्थेने विचारपूस करी आणि खरंच आजारी आहे का हेही बघून घेई. आजारी सभासद संध्याकाळी अमुक वाजल्यानंतर घराबाहेर दिसला तर पैसे बंद. बैठकीत शिवी दिली तर दंड, उशिरा आलं तर दंड. हे वाचताना मला हसू आलं, कारण आमच्या मंडळात उशिरा येणाऱ्यांना दंड लावला असता तर फंड कधीच तोट्यात गेला नसता.

एक खोड मात्र होती. या बैठका दारूच्या गुत्त्यात भरत. मालक खोली फुकट देई, पण बदल्यात प्रत्येकाने ठरावीक दारू घ्यायची आणि पुष्कळ ठिकाणी तिचे पैसे फंडातून जायचे. आजाऱ्याच्या औषधाचा पैसा निरोगी माणसाच्या पेल्यात! शिवाय मिरवणुकीचे झेंडे, बँडबाजा, वार्षिक जेवण. पुढे कायद्याने आजारपणाचा पैसा वेगळा आणि कारभाराचा वेगळा ठेवायला लावलं तेव्हा हे आटोक्यात आलं. आपल्याला हे शिकवायला इंग्लंडचा कायदा लागत नाही. मंदिराचं द्रव्य दुसरीकडे वळवायचं नाही, हे आपल्याला लहानपणापासून ठाऊक असतं. पण तेवढंच ठाऊक असतं हो. आमच्या वहीत गेल्या दहा वर्षांत सहलीची बस, हळदीकुंकवाची वाणं आणि महाराजजींच्या विहाराच्या वेळचा चहापाण्याचा खर्च, सगळा याच फंडातून गेलेला मला दिसला. खर्च चांगलाच होता. पण तो चौथीच्या मयतीचा पैसा होता.

सरकारने या संस्थांचा पहिला कायदा केला १७९३ साली. नियम लिहून काढा आणि न्यायाधीशांपुढे दाखल करा, मग संस्थेला आपल्या पैशासाठी कोर्टात जाता येईल, एवढाच त्यात सौदा. हिशेब बरोबर आहे का हे कुणी विचारत नव्हतं. आणि दुखणं तर हिशेबातच होतं.

दुखणं असं, की विशीतला पोरगा आणि पन्नाशीतला माणूस, दोघांची वर्गणी सारखी. समानता म्हणून ती शोभते. पण विशीतला माणूस वर्षात आठवडाभरही आजारी नसतो, सत्तरीतला कित्येक आठवडे अंथरुणावर असतो. लॉज नवा असतो तेव्हा सगळेच तरुण, पेटी भरत जाते, सगळ्यांना वाटतं आपण श्रीमंत झालो. कुणीतरी सुचवतं, मदतीची रक्कम वाढवू या. टाळ्या वाजतात. तीस वर्षांनी तीच माणसं एकदमच म्हातारी होतात आणि एकदमच आजारी पडतात. गावातले तरुण आत डोकावतात, बघतात की आत सगळे पांढरे केस, आपले पैसे यांच्यावरच जाणार, आणि शेजारी आपला नवा लॉज काढतात. जुनी पेटी रिकामी होते. ज्याने चाळीस वर्षं वर्गणी भरली, तो सत्तराव्या वर्षी रिकाम्या हाताने घरी जातो. चोरी नाही, लबाडी नाही. असे कितीतरी लॉज बुडाले.

हे मी वाचलं त्या रात्री मला झोप आली नाही. आमची वही १९९३ ची. तेव्हा आम्ही तिशीत होतो.

यातून वाट काढली ती कुणा सरदाराने नव्हे, लॉजच्याच एका चिटणीसाने. मँचेस्टर युनिटी नावाच्या मोठ्या ऑड फेलोज संघाचे हेन्री रॅटक्लिफ. त्यांनी शाखाशाखांतून आजारपणाच्या आणि मृत्यूच्या नोंदी मागवल्या आणि १८५० मध्ये वयाप्रमाणे कोष्टकं छापली: या वयाचा माणूस वर्षात सरासरी इतके दिवस आजारी पडतो, तर त्याने इतकं भरलं पाहिजे. लोकांना आवडलं नाही, आपल्यातल्या म्हाताऱ्याकडून जास्त पैसे घ्यायचे हे मैत्रीत बसत नाही म्हणून. पण हळूहळू वयाप्रमाणे वर्गणी रुजली. पुढे सरकारी चौकशी आयोग बसला आणि १८७५ च्या कायद्याने हिशेबाची तपासणी, दरवर्षीचं विवरण आणि दर पाच वर्षांनी मूल्यमापन आलं. मूल्यमापन म्हणजे आज पेटीत किती आहे एवढंच नाही, तर पुढे जे द्यायचं कबूल केलंय ते आजच्या पैशात किती होतं, हे दोन्ही शेजारी मांडून बघायचं. आम्ही कॉलेजात ऑडिटिंग शिकलो त्यात पेटीतले पैसे मोजायला शिकवलं होतं. शब्द मोजायला कुणी शिकवलं नाही.

आणि आता जे सांगते त्यासाठी खरं तर हा लेख लिहायला घेतला. रॅटक्लिफच्या पन्नासएक वर्षं आधी, १७९८ साली, लंडनजवळच्या टॉटनहॅममध्ये प्रिसिला वेकफील्ड नावाच्या बाईने बायकांसाठी एक मंडळ काढलं. क्वेकर पंथाची बाई. साधे कपडे, व्रतस्थ राहणी ही त्या पंथाची रीत. त्या लोकांचं वर्णन वाचलं की आपल्याच कुणा आजीची आठवण येते. पुस्तकं लिहून घर चालवणारी. तिच्या मंडळात बायका दरमहा पैसे भरत ते आपापल्या वयाप्रमाणे. आजारी पडलं तर आठवड्याला चार शिलिंग, मरणाच्या वेळी ठरावीक रक्कम आणि साठीनंतर पेन्शन. सुखवस्तू बायका वरून मदत घालत. वयाप्रमाणे! मोठमोठ्या लॉजमधल्या पट्टेवाल्या पुरुषांना जे अर्ध्या शतकानंतर पटलं ते या बाईने मुळातच मांडलं होतं. त्याच मंडळातून तिने पुढे मुलांच्या बचतीची बँक काढली. त्याआधी दहा वर्षं, १७८८ मध्ये, यॉर्क शहरात कॅथरीन कॅप आणि फेथ ग्रे या दोघींनी बायकांची अशीच सोसायटी सुरू केली होती. त्या काळी तिथे लग्न झालेल्या बाईचा पैसा कायद्याने नवऱ्याचा. तरी बायकांनी आपली पेटी वेगळी ठेवली. आपल्या आज्यांचे डब्यातले पैसे आठवा.

आपल्या देशात काय होतं? ईश्वरचंद्र विद्यासागरांचं नाव आपण विधवाविवाहासाठी घेतो. त्यांनीच १८७२ मध्ये कलकत्त्याला हिंदू फॅमिली ॲन्युइटी फंड उभा करण्यात पुढाकार घेतला. कमी पगाराच्या माणसाने दरमहा थोडं भरायचं आणि तो गेला की त्याच्या बायकोला दरमहा रक्कम. थोड्याच वर्षांत कारभारावरून मतभेद झाले आणि ते स्वतः बाहेर पडले, फंड मात्र चालू राहिला. मुंबईत १८७१ च्या सुमारास बॉम्बे म्युच्युअल ही सभासदांच्याच मालकीची विमा संस्था निघाली. इंग्रजी कंपन्या हिंदी माणसाकडून जादा हप्ता घेत, हिने नेहमीचाच दर लावला. मुंबईच्या गिरणगावात कोकणातल्या एकेका गावाच्या माणसांनी मिळून खोली घेतली, गावकरी मंडळ काढलं, महिन्याची वर्गणी ठरवली. कुणी आजारी पडलं, कुणाला गावी पोचवायचं झालं, तर मंडळ. याउलट नारायण मेघाजी लोखंड्यांनी १८८४ मध्ये मिल हँड्स असोसिएशन काढली. रविवारची सुट्टी मिळवण्यात त्यांचा मोठा वाटा. पण सभासदांची यादी नाही, फंड नाही, लिखित नियम नाहीत, अशी तिची नोंद त्या काळच्या सरकारी अहवालात आहे. एक मोठा माणूस आणि त्याचा शब्द, एवढ्यावर ती उभी होती, आणि त्यांच्या मागे टिकली नाही.

स्वदेशीच्या लाटेत मग गल्लोगल्ली प्रॉव्हिडंट सोसायट्या निघाल्या. जन्म, मुंज, लग्न, मृत्यू, कशावरही विमा. पुष्कळांचा हिशेब असा, की वर्षभर जमेल ते जमेल आणि त्या वर्षी ज्यांचं लग्न किंवा मयत होईल त्यांच्यात वाटून टाकायचं. पहिल्या वर्षी सभासद भरपूर आणि दावे थोडे, म्हणून प्रत्येकाला घसघशीत रक्कम. ते बघून आणखी लोक येतात. चौथ्या-पाचव्या वर्षी दावेच दावे आणि वाट्याला चिल्लर. १९१२ मध्ये अशा सोसायट्यांसाठी कायदा आला आणि १९३८ च्या विमा कायद्यात, कलम ५२, या वाटणीच्या पद्धतीवर बंदीच घातली गेली. आपली भिशी यात बसत नाही बरं का. भिशीत बारा जणी, बारा महिने, प्रत्येकीला एकदा, आणि खेळ संपला. भिशी पुढच्या तीस वर्षांचं कुणाला काही कबूल करत नाही. म्हणून ती टिकते.

आपल्या जिल्ह्याची गोष्ट सांगायची तर १९०४ चा सहकारी पतसंस्थांचा कायदा आला तेव्हा याचं नावही यवतमाळ नव्हतं, वणी जिल्हा होता. १९०५ मध्ये नाव बदललं. त्या कायद्यात खेड्यातल्या सोसायटीची जबाबदारी अमर्याद होती, म्हणजे शेजाऱ्याचं बुडालेलं कर्ज वेळ पडली तर आपल्या शेतावर. कल्पना अशी, की त्यामुळे प्रत्येकजण दुसऱ्यावर नजर ठेवेल. पण कापसाचा भाव एकाचा पडत नाही, सगळ्यांचा एकाच दिवशी पडतो. १९२९ नंतरच्या मंदीत वऱ्हाडातल्या सोसायट्या थकबाकीत बुडाल्या त्या यामुळे. सगळ्यांवर एकच संकट एकाच वेळी येणार असेल तर एकमेकांचा आधार पुरत नाही. कापूस असो की म्हातारपण.

अलीकडची गोष्ट तर तुम्हाला माहीत आहेच. २०२१ च्या नोव्हेंबरात रिझर्व्ह बँकेने इथल्या बाबाजी दाते महिला सहकारी बँकेवर निर्बंध घातले, खात्यातून पाच हजारांवर काढता येईना. पुढच्या वर्षी, २०२२ च्या नोव्हेंबरात, परवाना रद्द झाला. त्या वेळी रिझर्व्ह बँकेने सांगितलं होतं की सुमारे ७९ टक्के ठेवीदारांना ठेव विम्यातून पूर्ण रक्कम मिळेल. उरलेल्यांचं पाच लाखांपर्यंतच संरक्षण. यात आपल्यासाठी लक्षात ठेवायचं म्हणजे, मंडळाच्या नावावर ठेव असेल तर ती एकाच ठेवीदाराची धरतात. मंडळात अडतीस जणी असोत की चारशे, एका बँकेतल्या ठेवीला विमा पाचच लाखांचा. ज्यांच्या मंडळाची किंवा पाठशाळेची ठेव याहून मोठी आहे त्यांनी पासबुक काढून बघावं. लेख नंतर वाचला तरी चालेल.

माझ्या घरी धुण्याभांड्याला येते तिचा बचत गट आहे. गटाची पेटी एकीकडे, किल्ली दुसरीकडे. दर बैठकीत हिशेब मोठ्याने वाचतात, ज्यांना वाचता येत नाही त्यांनाही ऐकून पाठ असतो. मी तिला विचारलं, तुमच्या मंडळाच्या अध्यक्षबाईंना विचारू नका का हिशेब, असं कुणी म्हणतं का? ती म्हणाली, "बाई, आमी तर त्याच्यासाठीच जमतो."

आमच्याकडे तीस वर्षांत हिशेब एकदाही मोठ्याने वाचला गेला नाही. सुसंस्कृतपणा म्हणून.

मागच्या रविवारी मी चौघींना घरी बोलावून वही दाखवली. एक म्हणाली, सुनांना सभासद करून घेऊ. माझी स्वतःची सून समोर होती, बँकेत नोकरी करते. तिने शांतपणे विचारलं, "आई, आम्ही पन्नास भरायचे आणि ते तुमच्यावर जाणार, असंच ना?" मी हो म्हटलं. खोटं कशाला बोलू? दुसरी म्हणाली, आहे ते वाटून टाकू, ज्याचे त्याला. इंग्लंडात तसेही क्लब होते. नाताळाला पेटी वाटून मोकळे, नव्या वर्षी पुन्हा सुरू, फक्त जो आजारी दिसे त्याला पुन्हा घेत नसत. वाटणीत आमच्या प्रत्येकीला पाच हजार येतील. तिसऱ्या काकू आहेत ७८ वर्षांच्या, एकट्या राहतात, १९९३ पासून एकही महिना चुकवलेला नाही. त्या हसत म्हणाल्या, "अशानं तर मी मरेपर्यंत पैसेच सरून जातीन. आधी मरून घेऊ काय?" आम्ही हसलो, आणि मग कुणी काही बोललं नाही.

आपल्या जुन्या संस्थांच्या पावत्यांवर 'ध्रौव्य फंड' असा शब्द असतो. वस्तूत उत्पाद, व्यय आणि ध्रौव्य तिन्ही असतात, हे आपण पाठशाळेत शिकलो. कुणा हुशार मुनिमाने ते हिशेबात आणलं: वर्गणी म्हणजे उत्पाद, मदत म्हणजे व्यय, आणि हात न लावायचं मुद्दल म्हणजे ध्रौव्य. आमच्या वहीत पहिले दोन रकाने आहेत. तिसरा कधी आखलाच नाही.

मी जे मांडणार आहे ते असं. मयतीची रक्कम दहावरून सहा हजार, दवाखान्याची तीनवरून दोन. सत्तरीच्या पुढच्यांची वर्गणी आहे तीच, वाढवायची नाही, त्यांनी त्यांचं भरून झालंय. साठ ते सत्तरमधल्या आम्ही शंभर भरायचे. सुना आल्या तर त्यांच्या वयाप्रमाणे कमी, आणि त्यांचा पैसा पहिली पाच वर्षं वेगळ्या खात्यात, आमच्या तुटीला लावायचा नाही. सहल आणि वाणं ज्याची त्याने. ज्यांना शक्य आहे त्यांनी या दशलक्षणात बोलीतलं थोडं ध्रौव्यात घालावं, टॉटनहॅमच्या त्या सुखवस्तू बायकांसारखं. गेल्या वर्षीइतकीच मयत आणि आजारपणं धरली, तर या आकड्यांनी खर्च चौतीस हजारांवर येतो आणि जमेत बसतो. मी तीनदा मांडून पाहिलं, एकदा सुनेने तपासलं. तिने एक बेरीज दुरुस्त केली. आणि मयती वाढल्या तर पुन्हा बसून मांडावं लागेल, हेही तिनेच पानाखाली लिहिलं.

दहाचे सहा हजार म्हणजे दिलेला शब्द मोडणं आहे, हे मला कळतं. काही जणी बोलतील. बोलू देत.

क्षमावाणीनंतरच्या रविवारी दुपारी तीन वाजता मंदिराच्या सभागृहात बैठक आहे. हिशेब मी मोठ्या अक्षरात तक्त्यावर लिहून आणणार आहे आणि वाचणार आहे पहिल्या पानापासून. जुनी लोखंडी पेटी माळ्यावरून काढली, तिला एकच कडी होती. कोपऱ्यावरच्या कुलूपवाल्याकडून आणखी दोन लावून आणल्या. त्याने विचारलं, एवढं काय ठेवता हो बाई यात? मी म्हटलं, वही.